संस्थेचं ॲप काढावं का? आणि काढलंच तर कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जिल्ह्याच्या गावातली जुनी नाट्य-संगीत संस्था. सातशे सभासद, त्यातले निम्म्याहून जास्त साठीच्या पुढचे. वर्षाला दहा-बारा नाटकं, हिवाळ्यात तीन दिवसांचा संगीत महोत्सव, आणि संस्थेच्या इमारतीत जुने फोटो, हँडबिलं, पोशाख यांचं एक छोटं दालन. नव्या कार्यकारिणीचं म्हणणं, तरुण प्रेक्षक यायला हवा असेल तर संस्थेचं ॲप हवं. एका कंपनीने फोन आणि टॅबलेट दोन्ही धरून साडेसहा लाखांचं कोटेशन दिलंय. काढावं का?

या कोटेशनवर सही करू नका, हे आधी सांगतो. पण तेवढं सांगून माझी सुटका नाही, कारण तुम्ही पाठवलेल्या यादीतली तीन कामं खरोखर करण्यासारखी आहेत: दारावरचं तिकीट, दालनातली माहिती आणि नाटक चालू असताना दिसणारे संवाद. पहिल्या दोन कामांना ॲप लागतच नाही. तिसऱ्याला लागतं, पण तुम्हाला विकलं जातंय तसं नाही.

मी चौदा वर्षं नाट्यगृहं, महोत्सव आणि संग्रहालयांसाठी हेच काम करतोय. माझं पहिलं ॲप एका संगीत महोत्सवाचं होतं. पाच महिने खपून केलं. कलाकारांचे परिचय, रागांचे समय, पार्किंगचा नकाशा, सगळं होतं. महोत्सवाच्या तीन दिवस आधी ते स्टोअरवर आलं, तीन दिवस लोकांनी वापरलं, आणि चौथ्या दिवशी बहुतेकांनी काढून टाकलं. त्यात त्यांची काही चूक नव्हती. महोत्सव संपला होता, पुढचा वर्षाने होता. पुढच्या वर्षी आम्ही तेच ॲप नव्याने लोकांच्या गळी उतरवायला गेलो, तेव्हा एका काकांनी विचारलं, "मागच्या वेळी घातलं होतं, ते कुठे गेलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून मी प्रत्येक संस्थेला एकच हिशेब करायला सांगतो: एक प्रेक्षक हे ॲप वर्षातून किती वेळा उघडेल? बँकेचं ॲप माणूस रोज उघडतो, रेल्वेचं प्रवास असला की उघडतो. तुमचा सभासद, सगळी नाटकं आणि महोत्सव धरून, पंधरा वेळा उघडेल. सभासद नसलेला, म्हणजे तुम्हाला हवा असलेला तो तरुण प्रेक्षक, एकदा किंवा दोनदा. एवढ्यासाठी तो स्टोअरमध्ये जाऊन शोधणार, उतरवून घेणार, नंबर टाकणार, ओटीपीची वाट बघणार, हे व्हायचं नाही. आणि ज्येष्ठांच्या फोनचं तर विचारूच नका. सुप्रभातच्या फुलांनी जागा भरली की नातू येऊन सगळ्यात आधी जे ॲप उडवतो, ते तुमचं असतं.

तरुण प्रेक्षक ॲपमुळे येत नाही, हेही कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत मोकळेपणाने बोलून टाका. त्याला नाटक आहे हे कळत नाही, ही अडचण आहे. जाहिरात वर्तमानपत्रात येते आणि तो वर्तमानपत्र घेत नाही. त्याला मैत्रिणीने व्हॉट्सॲपवर पाठवलेली एक लिंक हवी, जिच्यावर बोट ठेवलं की नाटकाचं नाव, तारीख, वेळ, उरलेल्या खुर्च्या आणि 'तिकीट काढा' एवढं दिसेल. ही लिंक म्हणजे साधी वेबसाइट. ती अशी बांधता येते की एकदा उघडली की तिची महत्त्वाची पानं नेट नसतानाही दिसतात, आणि ज्याला हवं त्याला तिचं चिन्ह फोनच्या पहिल्या पडद्यावर ठेवता येतं. आयफोनवर २०२३ च्या मार्चपासून, म्हणजे आयओएस १६.४ पासून, असं चिन्ह ठेवलेल्या साइटवरून सूचनाही पाठवता येतात. अँड्रॉइडवर हे आधीपासून होतंच. तुमच्या कामाचा बराच भाग इथेच संपतो, आणि साडेसहा लाखांपेक्षा कितीतरी कमी खर्चात.

तिकीटविक्रीचं यंत्र स्वतः बांधायच्या भानगडीत मात्र पडू नका. बुकमायशो आहे, मराठी नाटकांसाठी तिकिटालय आहे. खुर्ची दोघांना एकदम विकली जाऊ नये, पैसे कापले गेले पण तिकीट आलं नाही तर परत जावेत, प्रयोग रद्द झाला तर सगळ्यांना परतावा मिळावा, या गोष्टी दिसतात त्याहून फार किचकट आहेत. तुमच्या सभासदांच्या राखीव खुर्च्या आणि वर्गणीचा हिशेब एवढंच तुमचं खास काम आहे, तेवढं आपल्याकडे ठेवा. आणि खिडकीवरचा कागदी प्लॅन काढू नका. खिडकीवर बसणारा माणूस "पाचव्या रांगेत कडेची देतो, गुडघ्याला बरं" असं म्हणतो, ते कुठल्याच ॲपला अजून जमलेलं नाही.

आता दाराकडे येतो, कारण सगळ्यात जास्त अब्रू तिथे जाते. एका नाट्यगृहात आम्ही तिकीट ॲपमध्ये दाखवायची सोय केली होती. पाहायला सुरेख होतं. शुभारंभाचा प्रयोग, पहिली घंटा झालेली, दारात शंभर-सव्वाशे माणसं. ॲपने नेमकं तेव्हाच बऱ्याच जणांना पुन्हा लॉगिन करायला सांगितलं. ओटीपी येईना, कारण एवढे फोन एका जागी आणि भिंती जुन्या, जाड. दुसरी घंटा झाली. मागून लोक ओरडायला लागले. शेवटी डोअरकीपरने हात हलवून सगळ्यांना आत सोडलं, आणि आत एकेका खुर्चीवर दोन-दोन हक्कदार. तिसरी घंटा वीस मिनिटं उशिरा झाली. चूक माझी होती. घरच्या वायफायवर चालणाऱ्या गोष्टीवर मी विश्वास ठेवला होता.

त्यानंतर मी तिकीट असं बांधतो. पैसे भरले की लगेच क्यूआर कोडचं चित्र व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर जातं. ते दाखवायला लॉगिन नको, नेट नको, ॲप नको. कागदावर छापलं तरी चालतं. कोडमध्येच प्रयोगाचा क्रमांक, रांग, खुर्ची आणि डिजिटल सही असते, त्यामुळे दारावरच्या फोनला तिकीट खरं की खोटं हे नेटशिवाय कळतं. दारावरच्या फोनमध्ये त्या प्रयोगाची पूर्ण यादी तासभर आधी उतरवून ठेवायची. एकच चित्र चौघांना पाठवलं असेल तर पहिला आत जातो, बाकीच्यांना "हे तिकीट ७.१२ ला आत गेलं" असं दिसतं. दारं दोन असतील तर दोन्ही फोन आपापसात जोडलेले हवेत, ते जमत नसेल तर दार एकच ठेवा. आणि खिशात छापील यादी असू द्या. मला अजून एकदाही ती वापरावी लागलेली नाही, पण ती असली की डोअरकीपरचा आवाज चढत नाही.

एसएमएसने तिकीट पाठवायचं असेल तर आधी तयारी लागते. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामकाच्या नियमांप्रमाणे संस्थेची डीएलटीवर (मोबाइल कंपन्यांच्या एसएमएस-नोंदणीच्या यंत्रणेवर) नोंदणी, पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा साचा हे सगळं मंजूर करून घ्यावं लागतं. महोत्सवाच्या आठवडाभर आधी हे आठवलं तर उपयोग नाही.

देवनागरीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण कोटेशनमध्ये 'मराठी भाषेची सोय' असा एका ओळीचा उल्लेख आहे आणि त्या ओळीतच सगळी मेख आहे. बहुतेक कंपन्या आधी इंग्रजीत पडदे आखतात आणि मग त्यात मराठी शब्द ओततात. इंग्रजी अक्षरांना वर-खाली फारशी जागा लागत नाही. आपल्याला वर रफार, वेलांट्या, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरं. बटणाची उंची इंग्रजीच्या मापाने बांधली की 'कार्यक्रम'चा रफार कापला जातो आणि 'कायक्रम' उरतो. हे मी लोकांच्या हातात गेलेल्या ॲपच्या पडद्यांवर पाहिलंय. ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट तरी ठेवायला सांगा, आणि फोनच्या सेटिंगमध्ये अक्षर सगळ्यात मोठं करून प्रत्येक पडदा तपासायला सांगा. तुमच्या निम्म्या सभासदांचा फोन तसाच असतो.

मग फॉन्ट. मराठीतला 'ल' आणि 'श' हिंदीपेक्षा वेगळा काढतात. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, पण मजकूर मराठी आहे हे यंत्राला सांगावं लागतं, नाहीतर ते हिंदी वळण दाखवतं. मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्त' हा फॉन्ट मोफत आहे आणि लहान अक्षरातही स्वच्छ वाचता येतो. मी बहुतेक वेळा तोच घेतो.

खरी गंमत शोधात येते. 'दुसऱ्या' हा शब्द तीन तऱ्हांनी टाइप होऊ शकतो. एक, नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून. दोन, साधा र आणि वेगळा नुक्ता देऊन. तीन, र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून. डोळ्यांना तिन्ही सारखे दिसतात, यंत्राला वेगळे. पहिले दोन युनिकोडच्या, म्हणजे संगणकात अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीच्या, नियमाने एकच मानता येतात, तिसरा आपल्याला हाताने जुळवावा लागतो. आणि जोडचिन्ह गळालं तर आचाऱ्यांचे आचार्य होतात. एका महोत्सवाच्या भोजनव्यवस्थेच्या पानावर ते झालंही होतं, आचार्यांना पुरणपोळीचं साहित्य वेळेवर मिळालं नाही अशी तक्रार तिथे होती. खुद्द 'ॲप' हा शब्दही दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एकात ॲ हे सबंध अक्षर आहे, ते युनिकोडमध्ये २००८ ला आलं. दुसऱ्यात अ ला जोडचिन्ह लावून वर चंद्र दिलेला असतो. म्हणजे ॲपमध्ये 'ॲप' शोधलं तर सापडेलच असं नाही.

त्यावर ऱ्हस्व-दीर्घ. लोक गायकाचं नाव शोधताना वेलांटी पहिली का दुसरी याचा विचार करत नाहीत, आणि करूही नये. शोधाच्या वेळी इ-ई, उ-ऊ, अनुस्वार आणि पंचमवर्ण (ङ, ञ, ण, न, म) एकच धरायचे. 'बालगंधर्व' आणि 'बाल गंधर्व' यांत फरक करायचा नाही. रोमन लिपीत टाइप केलेलं ओळखायचं, कारण मराठी बोलणारा तरुण बोटांनी रोमनच लिहितो. आणि नावाआधीचं पंडित, उस्ताद, विदुषी क्रम लावताना बाजूला ठेवायचं, नाहीतर सगळे 'प'मध्ये जमा होतात.

क्रमावरून आठवलं. एका महोत्सवाच्या पानावर कलाकारांची नावं आम्ही अकारविल्हे लावली. तांत्रिकदृष्ट्या निर्दोष. दोन दिवसांत आयोजकांचा फोन आला, "अहो, तबल्याच्या साथीदाराचं नाव मुख्य गायकाच्या वर आलंय." मानापमानाचा क्रम हा कुठल्याही यंत्राला शिकवता येत नाही. तो रकाना हाताने भरायचा, आणि भरायचं काम अशा माणसाला द्यायचं ज्याला पोस्टरवर कुणाचं नाव किती मोठं हे पाठ आहे.

बटणांवरचे शब्दही तपासा. 'आता बुक करा', 'अधिक अन्वेषण करा', 'आपली कार्ट रिक्त आहे' असलं काही दिसलं की समजा, कुणीतरी भाषांतराच्या यंत्रातून काढलंय. आपण तिकीट काढतो, नाटकाला जातो, खुर्ची पकडतो. तेच शब्द लिहा.

आता दालन. इथे जगभरात दोन तऱ्हा झाल्या. २००८ मध्ये ॲपलचं स्टोअर सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांत मोठमोठ्या संग्रहालयांनी आपापली ॲप काढली. त्यातली कितीतरी दोन-चार वर्षांत बंद पडली, कारण फोनची प्रणाली दरवर्षी बदलते आणि जुनं ॲप सांभाळायला पैसे ठेवलेले नसतात. त्यातून आता ब्लूमबर्ग कनेक्ट्ससारखी वाट निघाली आहे: एकच मोफत ॲप, आत अनेक देशांतल्या संग्रहालयांचे मार्गदर्शक, प्रत्येकाने फक्त आपला मजकूर भरायचा. दुसरी तऱ्हा ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात होबार्टला आहे. तिथलं मोना हे संग्रहालय २०११ च्या जानेवारीत उघडलं तेच भिंतीवर एकही पाटी न लावता. दारात प्रेक्षकाला एक यंत्र मिळायचं, ते जवळच्या कलाकृतींची माहिती द्यायचं, आवडलं-नावडलं विचारायचं, आणि घरी गेल्यावर तुम्ही काय काय पाहिलंत ते ईमेलने यायचं. हे जमलं, कारण इमारत, मांडणी आणि यंत्र एकत्र विचार करून केलं होतं. आधी सगळं मांडून मग वरून ॲप चिकटवलं नव्हतं.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियमचा प्रयोग मला जास्त आवडतो. २०१५ मध्ये त्यांनी असं ॲप काढलं की कलाकृतीसमोर उभं राहून प्रश्न विचारायचा आणि आत बसलेले जाणकार लगेच उत्तर देणार. प्रश्न विचारायचा म्हणून लोक मूर्तीकडे नीट बघायला लागले. पण त्यामागे माणसांचे पगार होते. तुमच्याकडे दालनात दुपारी बसणारे निवृत्त शिक्षक आहेत, असं तुम्ही लिहिलंय. तुमचं ब्रुकलिन तेच आहेत. त्यांचा आवाज रेकॉर्ड करा.

कसा करायचा तेही सांगतो. वीस वस्तू निवडा, साठ नकोत. प्रत्येकीवर साठ ते नव्वद सेकंद. त्याहून लांबलं की माणूस पुढच्या काचेकडे सरकतो आणि आवाज मागच्या काचेबद्दल बोलत राहतो. "हा पोशाख अमुक साली..." अशी सुरुवात नको. "या बाहीवरचा डाग बघा" अशी हवी. आधी डोळा वस्तूवर गेला पाहिजे, साल नंतर. साध्या बोलण्याच्या आवाजाला ६४ केबीपीएस पुष्कळ झाले, म्हणजे मिनिटाला अर्धा एमबीसुद्धा नाही. वीसच्या वीस तुकडे मिळून पंधरा एमबीच्या आत बसतात, एका भिकार व्हिडिओपेक्षा कमी. प्रत्येक तुकड्याचा मजकूर खाली लिहिलेला हवाच: कमी ऐकू येणाऱ्यांसाठी, आणि इअरफोन विसरलेल्यांसाठीही.

प्रेक्षक दालनात नेमका कुठे उभा आहे हे ओळखण्यासाठी कोटेशनमध्ये ब्लूटूथ बीकन, म्हणजे जवळच्या फोनला इशारा देणारी बॅटरीवरची छोटी यंत्रं, आहेत. काढून टाका. जीपीएस छपराखाली चालत नाही हे खरं, पण बीकनच्या बॅटऱ्या संपतात आणि कुठल्या संपल्या हे कुणी बघत नाही. दोन खोल्यांच्या दालनाला छापील क्यूआर कोड पुरतो. कोडाच्या रुंदीच्या साधारण दहापट अंतरावरून तो वाचता येतो, म्हणजे तीन सेंटिमीटरचा कोड फूटभर अंतरावरून, आणि मीटरभर लांबून वाचायचा तर दहा सेंटिमीटरचा. काचेच्या आत लावू नका, दिव्याचं प्रतिबिंब पडतं. शेजारी ठळक आकडा छापा, ज्याला कॅमेरा जमत नाही तो आकडा दाबेल. आणि कोड थेट मजकुराकडे नेऊ नका, आधी संस्थेच्या स्वतःच्या पत्त्याकडे न्या आणि तिथून पुढे वळवा. उद्या कंपनी बदलली तर पाट्या पुन्हा छापाव्या लागणार नाहीत.

टॅबलेट हवा असेल तर इथे एकच घ्या. हँडबिलांसाठी. शंभर वर्षांपूर्वीचं हँडबिल काचेआड वाचता येत नाही, टॅबलेटवर बोटांनी मोठं करून वाचता येतं, आणि लोक त्यावर खरंच रेंगाळतात, "बायकांसाठी बसण्याची स्वतंत्र व्यवस्था" वाचून हसतात, दर बघून उसासे टाकतात. स्कॅन चांगलं करा, बाकी सजावट नको. दीड मिनिट कुणी हात लावला नाही की पहिल्या चित्रावर परत. आयपॅडला गाइडेड ॲक्सेस, अँड्रॉइडला स्क्रीन पिनिंग ही सेटिंग चालू करा, म्हणजे पोरं बाहेर पडून खेळ सुरू करत नाहीत. चोवीस तास चार्जिंगला लावून ठेवू नका, बॅटरी फुगते. साध्या टायमरच्या प्लगने रात्री बंद करा.

फोनवाल्या प्रेक्षकांसाठी वेगळा, टॅबलेटवाल्यांसाठी वेगळा आराखडा असे दोन खर्च कोटेशनमध्ये आहेत. दुसरा खर्च काढा. नाटकाला कुणी टॅबलेट घेऊन येत नाही.

आता तिसरं काम, ज्यात मला स्वतःला रस आहे: प्रयोग चालू असताना संवाद लिहिलेले दिसणं. नाट्यगृहात फोन पेटणं हा आपल्याकडे जखमेवरचा विषय आहे. प्रयोग थांबवून फोन बंद करायला सांगणारे नट आपण सगळ्यांनी पाहिलेत, आणि ते बरोबर आहेत. माझाही नियम तोच: तिसऱ्या घंटेनंतर संस्थेच्या कुठल्याही यंत्राने एकही सूचना पाठवायची नाही. 'मध्यंतरात वडा आधीच मागवा' असलं काही अंधारात चमकवलंत तर पहिला शिव्या देणारा मी असेन. पण तुमच्या सभासदांत कमी ऐकू येणारे किती आहेत बघा. ते नाटकाला येणं हळूहळू बंद करतात आणि कारण सांगत नाहीत.

लंडनच्या नॅशनल थिएटरने २०१८ पासून यासाठी चष्मे दिले, ज्यांच्या काचेवर संवाद उमटतात. ब्रॉडवेवर गालाप्रो नावाचं ॲप फोनवरच संवाद दाखवतं. पार्श्वभूमी पूर्ण काळी, अक्षरं मंद, शेजाऱ्याला त्रास नाही. अजिंठ्याच्या लेण्यात शिरल्यावर डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो आणि कुणी मोबाइल पेटवला की सगळं पुन्हा पहिल्यापासून, तसंच इथे. म्हणून नुसता 'डार्क मोड' पुरत नाही. ॲप उघडताना पडद्याचा उजेड स्वतःहून अगदी खाली यायला हवा, इतर सूचना अडवल्या जायला हव्यात. हे वेबसाइटला नीट जमत नाही, खरं ॲप लागतं.

पण तंत्रापेक्षा मोठी अडचण आपल्या नाटकांत आहे. ती अडचण म्हणजे आपलं वैभवही आहे. आपले नट जागा घेतात. प्रेक्षक हसला की वाक्य वाढतं, गावाचं नाव आलं की कोटी होते, कुणी उशिरा आला तर त्याच्यावर एक विनोद. ठरलेल्या वेळेवर चालणारे संवाद पाचव्या मिनिटाला भरकटतात. आवाज ऐकून आपोआप लिहिणारी यंत्रं टाळ्या-हशात आणि एकावर एक बोलण्यात गडबडतात. माझ्या अनुभवात एकच उपाय चालतो. संहितेचे तुकडे आधी भरून ठेवायचे आणि मागच्या रांगेत बसलेल्या एका माणसाने प्रयोग बघत एकेक पुढे सरकवायचे. नट संहितेबाहेर गेला की "(प्रेक्षकांशी गप्पा)" असं दाखवून थांबायचं. हा माणूस म्हणजे आपला जुना प्रॉम्प्टर. फरक इतकाच की तो नटाऐवजी प्रेक्षकाला शब्द देतो. तुमच्या राज्य नाट्यस्पर्धेच्या चमूत असं संहिता पाठ असलेलं कुणीतरी नक्की असेल. हे पाच-सहा फोनांवर, शेवटच्या दोन रांगांत, एका नाटकाला करून बघा. संस्थेने फोन द्यावेत, लोकांचे वापरू नयेत. चाललं तर मग ॲप, तेही तिसऱ्या वर्षी.

हक्कांचं लक्षात घ्या, कारण संवाद ॲपमध्ये भरणं म्हणजे संहितेची प्रत काढणंच आहे. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. गोविंद बल्लाळ देवल १९१६ मध्ये गेले, त्यांची संहिता मोकळी आहे. हयात लेखकाच्या नाटकाला लेखी परवानगी हवी. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा मोजतात, प्रसिद्धीनंतर ६० वर्षं. म्हणजे पद मोकळं असलं तरी अलीकडच्या गायकाने गायलेली तबकडी मोकळी नसते. कलावंताचाही स्वतंत्र हक्क आहे, प्रयोगानंतर ५० वर्षं. महोत्सवाच्या करारात 'ध्वनिचित्रमुद्रण' एवढाच शब्द असेल तर तो पुरेसा धरू नका, वेबसाइट आणि ॲपचा उल्लेख करून घ्या.

सभासदांकडून नाव आणि फोन एवढंच मागा. जन्मतारीख, पत्ता, व्यवसाय कशाला? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात कारण सांगून संमती घेणं आलंच, आणि अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती. तुमचं बालनाट्य शिबिर यात येतं.

आणि खातं. हे मी हात जोडून सांगतो. एका संस्थेचं ॲप ज्याने बनवलं त्याच्याच खात्यावर होतं. तो धंदा बदलून निघून गेला. ॲप, त्यातले सभासद, सगळं त्याच्या ईमेलमागे अडकलं. स्टोअरवरचं खातं संस्थेच्या नावाने काढा. ॲपलला वर्षाला ९९ डॉलर, गूगलला एकदाच २५. संस्था म्हणून खातं काढायला डी-यू-एन-एस क्रमांक (संस्था-कंपन्यांना मिळणारा ओळख क्रमांक) लागतो, तो मोफत मिळतो पण वेळ घेतो. कुणा सदस्याने आपल्या व्यक्तिगत नावाने गूगलच्या स्टोअरवर नवं खातं काढलं तर आधी १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. गूगल दरवर्षी ॲप नव्या प्रणालीसाठी अद्ययावत करायला लावतं, म्हणून पहिल्या खर्चाचा साधारण पाचवा हिस्सा दरसाल सांभाळण्यासाठी धरा. आणि नुसती वेबसाइट गुंडाळून ॲप म्हणून दिली तर ॲपल ती परत पाठवतं. तुमच्या कोटेशनमधल्या निम्म्या पडद्यांचं तेच होणार असं मला दिसतंय.

एक चांगली बातमी: प्रत्यक्ष प्रयोगाच्या तिकिटावर स्टोअरला कमिशन द्यावं लागत नाही, पैसे यूपीआयने थेट घेता येतात. महोत्सवाची ध्वनिमुद्रणं ॲपमध्ये विकायची म्हटलं तर मात्र साधारण १५ ते ३० टक्के स्टोअरकडे जातात. ती विक्री वेबसाइटवर ठेवा.

त्या कंपनीला तीन गोष्टी लेखी विचारा: खातं आणि ॲपचा मूळ कोड (सोर्स कोड) कुणाच्या नावावर राहणार, दुसऱ्या वर्षीचा खर्च किती, आणि नेट बंद केल्यावर कुठले पडदे चालतात. सोबत त्यांनी केलेलं एखादं मराठी ॲप मागा आणि त्यात 'आचाऱ्यांना' शोधून बघा. उत्तरं आली की कोटेशनसकट इथेच टाका, बघून सांगतो.